प्रेमकथा आणि वाचकाचे समाधान

प्रास्ताविक

एखादी प्रेमकथा वाचून संपते, पुस्तक मिटले जाते आणि मनात एक भाव रेंगाळत राहतो. कधी तो तृप्तीचा असतो. कधी मात्र ‘इतके वाचून हाती काय लागले?’ असे वाटते. नवलाची गोष्ट अशी, की या दोन्ही वेळी कथेच्या शेवटी नायक-नायिकेचे लग्न झालेले असू शकते. उलट, ज्या कथेत प्रेमिकांची ताटातूट होते, ती कथा वाचूनही मन भरून येते आणि वाचल्याचे सार्थक वाटते. मग प्रेमकथेतील समाधान नेमके कशावर अवलंबून असते?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी या पाठात वाराणसी, म्हणजेच काशी, या नगरीतील एका कादंबरीचा आणि एका कथेचा आधार घेतला आहे. मराठी माणसाला काशी परिचित आहे ती तीर्थक्षेत्र म्हणून. परंतु याच नगरीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक प्रेमकथा लिहिली गेली आणि ती वाचता यावी म्हणून असंख्य लोक हिंदी वाचायला शिकले, असे साहित्याच्या इतिहासात नमूद आहे. पुढे याच नगरीतील एका थोर समीक्षकाने ती कादंबरी साहित्याच्या पंक्तीत बसत नाही, असा निर्णय दिला. वाचकांची पसंती खरी की समीक्षकाचा निर्णय खरा? या पाठाच्या अभ्यासातून त्याचे उत्तर तुम्हांला स्वतःच शोधायचे आहे.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्हांला –
• प्रेमकथेचे मुख्य घटक सांगता येतील.
• कथेतील अडथळा आणि शेवट यांचा परस्परसंबंध स्पष्ट करता येईल.
• घटनाप्रधान आणि व्यक्तिप्रधान कथा यांतील फरक ओळखता येईल.
• वाचलेल्या प्रेमकथेविषयी स्वतःचे मत कारणांसह मांडता येईल.

मूळ पाठ

१. ‘कादंबरी’ या शब्दाचे मूळ

बंगाली आणि हिंदी या भाषांत ज्याला ‘उपन्यास’ म्हणतात, त्याला मराठीत ‘कादंबरी’ म्हणतात. हा शब्द मुळात एका नायिकेचे नाव आहे. सातव्या शतकात बाणभट्टाने ‘कादंबरी’ नावाचा संस्कृत गद्यग्रंथ लिहिला. कादंबरी आणि चंद्रापीड यांच्या प्रेमाची ती कथा आहे. बाणाच्या मृत्यूमुळे ग्रंथ अपुरा राहिला आणि त्याच्या पुत्राने तो पूर्ण केला. म्हणजे मराठीने दीर्घ कथात्मक गद्याला जे नाव दिले, तेच एका प्रेमकथेतून आले आहे. प्रेमकथा हा हलका किंवा दुय्यम प्रकार आहे असे समजणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

संस्कृत साहित्यशास्त्राने शृंगाररसाचे दोन भेद मानले आहेत. प्रेमिकांच्या मीलनाचे वर्णन असते तेथे संभोगशृंगार आणि विरहाचे वर्णन असते तेथे विप्रलंभशृंगार. कोणत्याही प्रेमकथेचा बहुतेक भाग विरहाने व्यापलेला असतो. मीलन झाले की कथा संपते. म्हणूनच दोघे एकत्र येण्यापूर्वी मध्ये काय उभे राहते आणि ते कसे दूर होते, यावर कथेची गोडी ठरते.

२. काशीतील एक लोकप्रिय प्रेमकथा

देवकीनंदन खत्री (१८६१–१९१३) यांचे कुटुंब काशीत स्थायिक झाले होते. काशीनरेशांच्या राज्यातील चकिया आणि नौगढ येथील जंगलांचे ठेके खत्रींनी घेतले होते. त्या निमित्ताने दाट अरण्ये, डोंगर, गुहा आणि जुन्या किल्ल्यांचे अवशेष त्यांच्या नित्य पाहण्यात आले. ठेक्याचे काम सुटल्यावर त्यांनी हाच परिसर कथेत आणला. १८८८च्या सुमारास ‘चंद्रकांता’ ही त्यांची कादंबरी प्रसिद्ध होऊ लागली. १८९८ मध्ये त्यांनी काशीत ‘लहरी प्रेस’ हा स्वतःचा छापखाना काढला. वाचकांची मागणी एवढी होती, की ‘चंद्रकांता’नंतर त्यांनी ‘चंद्रकांता संतती’ ही चोवीस भागांची कथामालिका लिहिली.

या कथेतील स्थळे काल्पनिक नाहीत. नौगढ आज चंदौली जिल्ह्यात आहे, विजयगढ सोनभद्र जिल्ह्यात, तर गंगेकाठचा चुनारचा किल्ला मिर्झापूर जिल्ह्यात आहे. काशीच्या वाचकाला ही नावे ऐकून माहीत होती. परिचित भूमीवर अपरिचित चमत्कार घडताना पाहण्याचा आनंद त्याला या कादंबरीने दिला.

३. कथानक थोडक्यात

नौगढचा राजकुमार वीरेंद्रसिंह आणि विजयगढची राजकन्या चंद्रकांता यांचे परस्परांवर प्रेम आहे. विजयगढच्या मंत्र्याचा मुलगा क्रूरसिंह यालाही चंद्रकांता हवी आहे. आपला हेतू साधत नाही असे दिसताच तो चुनारचा राजा शिवदत्त याला जाऊन मिळतो आणि शिवदत्ताच्याच मनात चंद्रकांतेची अभिलाषा निर्माण होते. दोन्ही पक्षांकडे ‘ऐयार’ आहेत. ऐयार म्हणजे वेषांतर, हेरगिरी आणि युक्ती यांत निपुण असलेला माणूस. वीरेंद्रसिंहाचा मित्र तेजसिंह हा असाच ऐयार असून चंद्रकांतेची सखी चपला हिच्यावर त्याचे प्रेम आहे. पुढे चंद्रकांता आणि चपला एका ‘तिलिस्मा’त, म्हणजे गुप्त यंत्रांनी व कोड्यांनी भरलेल्या मायावी वास्तूत, अडकतात. तो तिलिस्म भेदण्याचे काम वीरेंद्रसिंहाला करावे लागते. अनेक संकटांनंतर प्रेमिकांचे मीलन होते.

पाठगत प्रश्न १
योग्य पर्याय निवडा.
(अ) ‘चंद्रकांता’ कादंबरीतील ऐयार म्हणजे – (१) राजवैद्य (२) वेषांतरात निपुण हेर (३) किल्लेदार
(आ) विरहाचे वर्णन ज्यात असते तो शृंगार – (१) संभोग (२) विप्रलंभ (३) अद्भुत

४. समाधान कशामुळे मिळते?

पहिले कारण म्हणजे वाचकाला दिलेल्या वचनाची पूर्ती. कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणात वीरेंद्रसिंह आणि तेजसिंह संध्याकाळच्या वेळी एका खडकावर बसून बोलत आहेत. राजकुमाराच्या प्रेमाची आणि त्याच्या वाटेतील विघ्नांची कल्पना वाचकाला तेथेच येते. हे दोघे अखेरीस एकत्र येतील, असा मूक करार लेखक आणि वाचक यांच्यात होतो. मग ‘भेट होईल का?’ यापेक्षा ‘भेट कशी होईल?’ ही उत्सुकता वाढत जाते. शेवट ठाऊक असूनही वाचक पुढे वाचतो, कारण वाट ठाऊक नसते.

दुसरे कारण म्हणजे अडथळ्याचे बळ. क्रूरसिंह आणि शिवदत्त यांना स्वतःचे हेतू आहेत आणि ते साधण्याची शक्तीही आहे. शत्रू दुबळा असेल तर विजयाला किंमत राहत नाही. नायकाला खरोखर हरवू शकेल असा प्रतिपक्ष असला, तरच वाचकाच्या मनात काळजी उत्पन्न होते. आणि काळजी असल्याशिवाय सुटकेचा आनंद होत नाही.

तिसरे कारण म्हणजे नियमांचे पालन. ऐयारांचा एक संकेत आहे : ऐयाराने ऐयाराचा जीव घ्यायचा नाही; पकडला गेला तर त्याला कैद करायचे. त्यामुळे संघर्ष तलवारीपेक्षा बुद्धीचा होतो आणि हरलेला ऐयार पुन्हा डाव टाकू शकतो. अद्भुत कथेतही लेखकाने स्वतःच घातलेले नियम पाळले, तर वाचकाचा विश्वास टिकतो. ऐन वेळी नियम मोडून नायकाची सुटका केली, तर वाचकाला आपली फसवणूक झाल्यासारखे वाटते.

चौथे कारण भाषेचे आहे. त्या काळी संस्कृतप्रचुर हिंदी आणि फारसीमिश्रित उर्दू असे दोन प्रवाह होते. खत्रींनी बाजारात, घरात बोलली जाते तशी सोपी, वाहती भाषा वापरली. नुकताच वाचायला शिकलेला माणूसही ती न अडखळता वाचू शकत असे.

५. उणीव कोठे राहते?

आता दुसरी बाजू पाहू. या कादंबरीत नायक-नायिकेचे प्रेम कथेच्या आरंभापूर्वीच जडलेले आहे. ते कसे जडले आणि एकाने दुसऱ्यात काय पाहिले, हे वाचकाला फारसे दिसत नाही. चंद्रकांता सुंदर आहे, एकनिष्ठ आहे. परंतु तिचे विचार, तिचे हट्ट आणि तिच्या शंका आपल्याला थोड्याच कळतात. बराच काळ ती कोणाच्या तरी कैदेत असते आणि तिच्यासाठी इतर माणसे धावतात. याउलट चपला स्वतः ऐयारी जाणते, वेष पालटते, धोका पत्करते. तिची ओळख वर्णनातून होत नाही, कृतीतून होते. म्हणून ती मनात अधिक ठसते.

कादंबरीच्या उत्तरार्धात ‘वनकन्या’ नावाची एक गूढ तरुणी प्रकट होते. ती संकटकाळी वीरेंद्रसिंहाला साहाय्य करते आणि त्याचे मन तिच्याकडे ओढले जाते. येथे कथेत प्रथमच एक खरा आंतरिक पेच निर्माण होतो. चंद्रकांतेला दिलेला शब्द आणि नव्याने वाटणारी ओढ यांत हा राजपुत्र काय निवडील? आतापर्यंतचे सारे अडथळे बाहेरचे होते. हा अडथळा त्याच्या स्वतःच्या मनातला आहे. पण शेवटी उघड होते, की वनकन्या म्हणजे चंद्रकांताच. पेच सुटतो, पण तो सोडवण्यासाठी वीरेंद्रसिंहाला काहीच निवडावे लागत नाही.

या प्रसंगाविषयी वाचकांत दोन मते संभवतात. एक वाचक म्हणेल, ‘किती सुंदर उकल! त्याचे मन वेगळ्या रूपातही तिलाच ओळखत होते.’ दुसरा म्हणेल, ‘लेखकाने नायकाला परीक्षेस बसवले आणि उत्तरपत्रिका तपासण्यापूर्वीच उत्तीर्ण केले.’ दोन्ही मतांना कादंबरीत आधार आहे. मात्र दोन्ही वाचक एकाच ठिकाणी बोट ठेवत आहेत : शेवट पात्राच्या निवडीतून आला, की लेखकाच्या योजनेतून?

६. समीक्षकाचा निर्णय

आचार्य रामचंद्र शुक्ल हे काशी हिंदू विश्वविद्यालयात अध्यापन करीत. १९२९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हिंदी साहित्य का इतिहास’ या ग्रंथात त्यांनी खत्रींच्या कादंबऱ्यांचा परामर्श घेतला. या कादंबऱ्यांचे लक्ष्य केवळ घटनांचे वैचित्र्य आहे. रसनिर्मिती किंवा स्वभावचित्रण हा त्यांचा हेतू नाही. म्हणून त्या साहित्याच्या कोटीत येत नाहीत, असे त्यांनी म्हटले. मात्र तेथेच त्यांनी मोकळेपणाने हेही मान्य केले, की खत्रींनी जेवढे वाचक निर्माण केले तेवढे अन्य कोणत्याही लेखकाने केले नाहीत आणि ‘चंद्रकांता’ वाचण्यासाठी उर्दू जाणणारे असंख्य लोक हिंदी शिकले.

या दोन विधानांत विरोध दिसतो, पण तसा तो नाही. माणसाला वाचायला लावणे ही एक शक्ती आहे आणि वाचून झाल्यावर मनात टिकून राहणे ही दुसरी. काही पुस्तकांत पहिली असते, काहींत दुसरी. क्वचित दोन्ही एकत्र येतात.

७. मीलनावाचून समाधान

याच काशीत जन्मलेले जयशंकर प्रसाद (१८८९–१९३७) यांची ‘गुंडा’ ही कथा या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. ती १९३६च्या ‘इंद्रजाल’ या संग्रहात आहे. कथेचा काळ १७८१चा आहे. त्या वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात वॉरन हेस्टिंग्जने काशीचा राजा चेतसिंह याला शिवाला घाटावरील वाड्यात अटकेत ठेवले होते. या ऐतिहासिक घटनेभोवती प्रसादांनी कथा गुंफली आहे.

नन्हकूसिंह हा एका जमीनदाराचा मुलगा. तरुणपणी पन्ना या मुलीवर त्याचे प्रेम होते, परंतु ती राजघराण्यात गेली. ती चेतसिंहाची आई होय. नन्हकूसिंहाने आपले दुःख कोणाला सांगितले नाही. तो काशीचा ‘गुंडा’ झाला. येथे या शब्दाचा अर्थ केवळ दांडगट असा नाही; शब्दाला जागणारा, दुर्बलांसाठी शस्त्र उचलणारा बेदरकार वीर असा आहे. संकटाच्या दिवशी तो वाड्यात शिरतो, पन्ना आणि चेतसिंह यांना होडीतून निसटण्याची संधी मिळवून देतो आणि शिपायांशी लढताना देह ठेवतो.

येथे मीलन नाही. कबुलीही जवळजवळ नाही. तरी ही कथा वाचकाला रिकाम्या हाताने पाठवत नाही. याचे कारण असे, की नन्हकूसिंहाचे शेवटचे कृत्य त्याच्या साऱ्या आयुष्यातून सहजपणे उगवले आहे. तो दुसरे काही करूच शकला नसता, असे वाचकाला पटते. कित्येक पाने खर्चून जे सांगता येत नाही, ते येथे एका कृतीने सांगितले आहे.

८. मराठी कादंबरीतील प्रवास

मराठीतही असाच प्रवास घडला. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) या कादंबऱ्या अद्भुतरम्य म्हणून ओळखल्या जातात. सद्गुणी नायिका, दुष्टांची कारस्थाने, योगायोग आणि गोड शेवट हे त्यांचे विशेष. पुढे ना. सी. फडके यांनी ‘जादूगार’ (१९२८), ‘दौलत’ (१९२९) अशा कादंबऱ्यांतून शहरी, सुशिक्षित तरुण-तरुणींचे प्रेम रेखीव रचनेत मांडले. विश्राम बेडेकर यांच्या ‘रणांगण’ (१९३९) मध्ये चक्रधर आणि हॅर्टा ही जर्मन ज्यू निर्वासित तरुणी यांचे प्रेम युरोपातून परतणाऱ्या बोटीवर, थोड्याच दिवसांत फुलते आणि दुःखात संपते. तेथे खलनायक नाही. वंशद्वेषाने पेटलेले जग आणि नायकाचे स्वतःचे मन हेच अडथळे आहेत. राजवाड्यापासून बोटीपर्यंत आणि खलनायकापासून मनापर्यंत प्रेमकथेने केलेला हा प्रवास आहे.

९. वाचकाने स्वतःला विचारायचे प्रश्न

प्रेमकथा वाचल्यावर पुढील चार प्रश्न मनाशी विचारावेत :
(१) या दोघांना एकमेकांत काय दिसले, हे मला समजले का?
(२) त्यांच्यामधील अडथळा खरा होता का? एका साध्या बोलण्याने दूर होणारा गैरसमज लेखकाने उगाच ताणला तर नाही ना?
(३) शेवट पात्रांच्या स्वभावातून व निर्णयांतून आला, की योगायोगाने?
(४) नायक-नायिका आरंभी होते तसेच शेवटी राहिले, की प्रेमाने त्यांच्यात काही बदल घडवला?

चारही प्रश्नांना अनुकूल उत्तरे देणारी पुस्तके थोडी असतात. म्हणून इतर पुस्तके टाकाऊ ठरत नाहीत. ज्या कथेने एखाद्याला दिव्याच्या उजेडात अक्षर अक्षर लावून वाचायला प्रवृत्त केले, तिचे ऋण मोठेच आहे. पहिले पुस्तक गोडीसाठी वाचावे. ती गोडी कशातून आली, हे दुसऱ्यांदा वाचताना शोधावे. असे शोधू लागलेला वाचक कोणाच्याही निर्णयावर अवलंबून राहत नाही. त्याला स्वतःचा निर्णय देता येतो.

पाठगत प्रश्न २
एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) चपला हे पात्र मनात अधिक का ठसते?
(आ) ‘गुंडा’ कथेत कोणत्या वर्षीची ऐतिहासिक घटना आली आहे?

तुम्ही काय शिकलात?

• ‘कादंबरी’ हा शब्द बाणभट्टाच्या प्रेमकथेवरून आला आहे.
• अडथळ्याचे बळ, नियमांचे पालन आणि वाचकाला दिलेल्या वचनाची पूर्ती यांमुळे कथा समाधान देते.
• प्रेम का जडले हे न कळणे आणि निवडीवाचून पेच सुटणे यांमुळे कथा उणी पडते.
• शेवट सुखाचा असो वा दुःखाचा, तो पात्रांच्या स्वभावातून आला तर वाचकाला पटतो.

शब्दार्थ

अभिलाषा – तीव्र इच्छा
परामर्श घेणे – विचार करणे, चर्चा करणे
वैचित्र्य – विविधता, नवलाई
प्रतिपक्ष – विरोधी बाजू
उकल – गुंता सोडवणे
बेदरकार – कशाचीही पर्वा न करणारा

स्वाध्याय

१. ‘शेवट ठाऊक असूनही वाचक पुढे वाचतो, कारण वाट ठाऊक नसते.’ या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
२. वनकन्येच्या प्रसंगाविषयीची दोन मते सांगून तुम्हांला कोणते पटते ते सकारण लिहा.
३. शुक्लांच्या दोन विधानांत विरोध का नाही, ते तुमच्या शब्दांत लिहा.
४. तुम्ही वाचलेल्या, ऐकलेल्या किंवा पाहिलेल्या एका प्रेमकथेला पाठातील चार प्रश्न लावून पाहा आणि दहा ते बारा ओळींत मत मांडा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) २, (आ) २
२. (अ) चपलेची ओळख वर्णनातून न होता तिच्या कृतीतून होते, म्हणून. (आ) १७८१